दीपगृहावरची पावलं

थोरलीला जुळं झालं ते वर्ष. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून थोरली बाळंतपणानंतर आईजवळच राहिली. घरात दोन पाळणे आले आणि झोप घराबाहेर गेली. एक पोर निजलं की दुसरं उठायचं. दोन्ही निजली की आईला आठवायचं की धाकटीचं अजून लग्न व्हायचं आहे.

धाकटी पंचवीस वर्षांची. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला. छापून आलेले मोठे कागद दुमडायचे, त्यांच्या घड्या एकात एक घालायच्या आणि दोऱ्याने शिवायच्या. हात चालू राहायचे, पण मन काही केल्या एका जागी बसायचं नाही. खिडकीत कावळा आला तरी तिला वाटायचं, आपल्यालाच काही सांगायला आलाय. मग तो उडून जायचा आणि हिला उगीचच चुकल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी सकाळी घरात दोन्ही पोरांनी एकदम सूर लावला, तशी ती चहा अर्धा टाकून निघाली. कारखाना दुसऱ्या मजल्यावर, जिना दगडी. पहिलं वळण घेतलं आणि तिचा पाय उचललेला तसाच राहिला. वर कोणीतरी चढत होतं. दोन पावलं भरीव, तिसरं जरासं घासत. पुन्हा दोन भरीव, तिसरं घासत.

"जिन्यात पुतळा होऊन का उभी राहिलीस गं?" मागून लवंग म्हणाली. लवंग म्हणजे तिची शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. अंगाने काडी आणि जिभेने तिखट, म्हणून सगळा कारखाना तिला लवंग म्हणायचा.

"गप. ऐक... ही पावलं ओळखीची आहेत."

"कुणाची?"

"दीपगृहवाल्याची."

लवंगने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही. मग जुळ्यांनी डोकं फिरवलेलं दिसतंय."

त्याचं असं होतं, की धाकटी चौदा वर्षांची असल्यापासून रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी एक नाटकमालिका लागायची. समुद्रात एक खडक, खडकावर दीपगृह, आणि त्या दीपगृहात एकटा राहणारा एक माणूस. दर भागात तो एकदा तरी दिवा लावायला दगडी जिना चढायचा. बाकीच्या मुली त्याच्या आवाजावर जीव टाकायच्या. धाकटीचा जीव त्याच्या पावलांवर. ती पावलं ऐकली की तिला वाटायचं, हा माणूस दमलाय पण थांबणार नाही. मालिका संपली, रेडिओ बिघडला, कोपऱ्यात गेला. पावलं मात्र तिच्या कानात राहिली होती.

वर जाऊन पाहते तो कटिंग मशीनपाशी एक नवा माणूस. तिशी ओलांडलेला, लांब हातांचा. कागदांची थप्पी टेबलावर ठोकून कडा जुळवत होता. डावा पाय किंचित आखडता.

"हा आजपासून," मास्तरीण हळूच म्हणाली. मास्तरीण ही त्यांच्यातली तिसरी. पूर्वी शिकवण्या घ्यायची, आता सगळ्यांच्या चुका काढायची. "आधी रेडिओ केंद्रात होता म्हणे. तिथला नाटकाचा विभाग बंद केला. पण बोलत नाही बाई. मी नाव-गाव विचारलं तर नुसती मान हलवली. मौनीबाबा आहे."

धाकटीला राहवतंय कुठे! घड्यांचा गठ्ठा कापायला न्यायचं निमित्त करून ती मशीनपाशी गेली.

"एक विचारू? तुम्ही कधी दीपगृहात राहत होतात का?"

तो कागद ठोकायचा थांबला. तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा कागदांकडे.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "दर गुरुवारी."

तिच्या हातातला गठ्ठा सटकलाच. दोघं एकदम खाली वाकले आणि डोक्याला डोकं आपटलं. टक्‌ करून चांगला आवाज झाला.

"हा आवाज," तो कपाळ चोळत म्हणाला, "आम्ही भोपळ्यावर काढायचो."

"म्हणजे माझं डोकं भोपळा?"

"नाही... माझं म्हणत होतो."

ती हसत हसत जागेवर आली, आणि त्या दिवशी तिने दोन घड्या उलट्या शिवल्या.

दुपारच्या चहाला त्या तिघींच्या गप्पा नेहमीच्याच. कुणाच्या सासूने काय म्हटलं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला. पण आता रोज गाडी रेडिओवर घसरायला लागली. मुद्दाम घसरवायची ती धाकटी. बोलायचं मैत्रिणींशी आणि आवाज ठेवायचा मशीनपर्यंत पोचेल एवढा.

"तुला आठवतं, दुपारचा बायकांचा कार्यक्रम? त्यातल्या ताई पदार्थ सांगायच्या, आणि माप लिहून घेईपर्यंत पुढच्या पदार्थाला गेलेल्या असायच्या."

"माझ्या आईने अर्धा पदार्थ एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा केला होता," लवंग म्हणाली. "वडिलांनी मुकाट्याने खाल्ला. मग ताटाला नमस्कार केला नि म्हणाले, आता रेडिओ विकूया."

"आणि बातम्यांच्या आधी ते गृहस्थ खाकरायचे," मास्तरीण म्हणाली. "आमचे आजोबा त्यांना म्हणायचे, 'अहो, गरम पाणी प्या जरा.' रोज! नि मग स्वतःच प्यायचे."

"पण गुरुवारचं ते गुरुवारचं," धाकटी म्हणाली. "तो वादळाचा भाग... बोट खडकाकडे येतेय, दिवा विझलाय, हा जिना चढतोय, आणि तेवढ्यात आभाळ असं—"

धडाड्धूम्‌! मशीनच्या मागे अशी काही वीज कडाडली की मास्तरणीचा चहा मांडीवर आणि लवंग टेबलाखाली. तो शांतपणे पत्र्याचा एक पातळ तुकडा हलवत उभा होता. चेहऱ्यावर रेषा नाही. फक्त डोळे हसत होते, आणि ते धाकटीकडे बघून.

"मेल्या मौनीबाबा!" लवंग टेबलाखालून ओरडली. "बोलायला तोंड नाही, नि माणसं मारायला पत्रा आहे!"

त्या दिवसापासून चहाच्या वेळेला तो त्यांच्यात बसू लागला. बोलायचा थोडं, ऐकवायचा फार. पिठाच्या चाळणीत वाटाणे घेऊन गोल फिरवले की बाहेर लख्ख ऊन असताना खोलीत पाऊस पडायचा. हळू फिरवले की रिमझिम, जोरात फिरवले की पत्र्यावरचा. हातमोज्यांची जोडी झटकली की पारवे उडायचे. वेष्टनाचा चकचकीत कागद मुठीत चुरगळला की चूल पेटायची, आणि त्या तिघी खरंच हात शेकायला पुढे करायच्या.

एकदा मैत्रिणी कप विसळायला गेल्या होत्या. तो चाळणी फिरवत होता आणि ती डोळे मिटून त्या पावसात बसली होती.

"एक गोष्ट मला तेव्हापासून छळतेय," ती म्हणाली. "त्या माणसाचा आवाज दोनदा बदलला. नट बदलले असतील. पण पाय बदलले नाहीत. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुला भास होतो."

पाऊस थांबला. तिने डोळे उघडले. तो तिच्याकडे असा बघत होता, जसं भर गर्दीत चालताना कुणी त्याला हाताला धरून थांबवलं असावं.

"कुणाच्याच लक्षात आलं नाही ते," तो म्हणाला. "पत्रं यायची पोत्याने. सगळी नटांना. दगडी फरशीवर मी जागच्या जागी चालायचो. लहानपणी पाय मोडलेला... दोन पावलं टाकली की तो ओढून जवळ घ्यावा लागतो, म्हणून तिसरं पाऊल घासतं. लेखकाला ते आवडलं. मग त्याने गोष्टीतल्या माणसालाच लंगडा केला."

"म्हणजे मी तुमच्या..." ती बोलून गेली आणि अडखळली.

"माझ्या काय?"

"काही नाही. तुमच्या पायांची चौकशी केली."

"पाय बरे आहेत," तो म्हणाला. "मालकाचं विचारलं नाहीत."

एवढं बोलून त्याचे कान लाल झाले. तोही गडबडला, तीही. चाळणी तिरकी झाली आणि वाटाणे खोलीभर पळाले. कप घेऊन आलेल्या लवंगने दारातून एकदा दोघांकडे आणि एकदा वाटाण्यांकडे बघितलं. "इथे पाय घसरायला जागा बरीच आहे म्हणायची," ती म्हणाली.

यानंतर धाकटीला घरी चैन पडेना आणि कारखान्यात धीर धरवेना. एक पोर खांद्यावर घेऊन ती खोलीत फेऱ्या मारायची. थोरली म्हणायची, "अगं ते कधीच झोपलंय, आता तू झोप." रस्त्यावर कोणीही चाललं की हिचा कान तिकडे. दोन भरीव आणि... नाही, हा नव्हे. तो रोज दिसत होता, रोज हसत होता, रोज नवा आवाज काढून दाखवत होता. पण जे ऐकायचं होतं तेवढं सोडून सगळं ऐकवत होता.

आणि अशात मामा आले.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कुणाचं लग्न जुळवायचं म्हटलं की जेवणसुद्धा विसरणारे. त्यांनी स्थळ आणलं होतं. माणूस कापडाच्या दुकानाचा मालक, घर स्वतःचं, स्वभाव गाईसारखा. एकदा भेटही झाली. माणूस खरोखरच चांगला होता. तिला पाणी हवं का हे त्याने दोनदा विचारलं. वाईट काही सापडेना हीच धाकटीची पंचाईत.

"रविवारी संध्याकाळी मी जाऊन हो की नाही ते कळवणार," मामा म्हणाले. "पोरी, स्थळ काही वर्षभर दारात बसून राहत नाही."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

"हो तरी कुठे म्हणतेयस!"

शनिवारी ती मशीनपाशी गेली. या वेळी निमित्त घेतलं नाही.

"उद्या संध्याकाळी मामा एका ठिकाणी माझं उत्तर कळवायला जाणार आहेत."

त्याने मशीन बंद केलं. "कसलं उत्तर?"

"लग्नाचं."

मग त्याने दोन बोटं टेबलाच्या लाकडावर ठेवली आणि हळूच वाजवली. दुब्‌दुब्‌... दुब्‌दुब्‌... छातीतला ठोका. असा हुबेहूब की तिचा स्वतःचा त्याच्या तालावर पडायला लागला. क्षणभर तिला वाटलं, बस, हेच तर उत्तर. पण मग आपण मामांना काय सांगणार, की त्याने टेबल वाजवलं? तिला एकदम रडू आणि राग दोन्ही आलं.

"हे नको," ती म्हणाली. "पाऊस झाला, वीज झाली, पारवे झाले. मन भरेपर्यंत ऐकलं. आता तोंडाने सांगा."

"मला... स्टुडिओत लाल दिवा लागला की तोंड मिटायचं. बारा वर्षं. खोकला आला तरी गिळायचा. माझा आवाज नाटकात जाता कामा नये. ती सवय..."

"इथे कुठे आहे लाल दिवा?"

त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "तुम्ही समोर आलात की लागतो."

हे वाक्य दुसऱ्या कुठल्या दिवशी आलं असतं तर ती हसली असती. त्या दिवशी ती म्हणाली, "घर तुम्हाला माहीत आहे. पिंपळापलीकडची चाळ, पहिला मजला. उद्या अंधार पडेपर्यंत मामा थांबतील. पुढे मी नाही थांबणार." आणि मागे न बघता जागेवर जाऊन बसली. लवंगने न विचारता तिच्या वाटणीचे कागद स्वतःकडे ओढले.

रविवारी दुपारपासून तिने एकच कपाट तीनदा आवरलं. आई म्हणाली, "त्या कपाटाला आता लाज वाटत असेल." मामा पेपर वाचत होते आणि दर पानाला घड्याळ बघत होते. नवल म्हणजे दोन्ही पोरं त्या दिवशी गाढ झोपली. घर इतकं शांत की नळाचा थेंब मोजावा.

ऊन भिंतीवरून वर सरकलं, खिडकीच्या कडेला गेलं. आणि जिन्यावर पावलं वाजली. दोन भरीव, तिसरं घासत.

तिच्या हातातली उशी छातीशी आली. पावलं वर आली. गॅलरीतून आली. दाराशी थांबली.

ती वाट बघत राहिली. कडी वाजेना. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं, की आपलाच श्वास होता? उठून दार उघडावं... पण नाही. इतकं तर त्याने करायला हवं. एवढी एक कडी तरी त्याने वाजवायला हवी.

मग पावलं पुन्हा सुरू झाली. दोन भरीव, तिसरं घासत. आधीपेक्षा हळू. मग आणखी हळू. मग लांबची. मग इतकी लांबची की वाटावं, रस्त्याच्या वळणावर गेली. मग काहीच नाही.

दीपगृहाच्या गोष्टीत शेवटच्या भागात असंच झालं होतं. दीपगृहवाला त्याला आवडणाऱ्या बाईच्या दाराशी आला आणि परत गेला. वीस वर्षांच्या धाकटीने तेव्हा उशी भिजवली होती. आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने उशी जागेवर ठेवून दिली.

"कोण होतं गं?" आईने विचारलं.

"कोणी नाही. आलं होतं, गेलं." मग ती म्हणाली, "मामा, कळवा त्यांना. हो म्हणून."

मामांनी पेपर असा टाकला की पोरं दचकली. "शाबास! आत्ता जातो, या पावली जातो!" त्यांनी चपला चढवल्या, दार उघडलं, आणि "अगं आई गं!" करून दोन पावलं मागे आले.

दारात तो उभा होता. खांबासारखा. इस्त्रीचा सदरा घामाने ओला.

"कोण तुम्ही? आणि असे भुतासारखे काय उभे?"

धाकटी मामांच्या खांद्यामागून पुढे आली.

"तुम्ही गेला होतात," ती म्हणाली. "मी ऐकलं. गेलात तुम्ही!"

"नाही गेलो."

"माझे कान खोटं बोलतात?"

"जायचं म्हणून... पाय हलवले," तो म्हणाला. "पण गेलो नाही. जाणारा माणूस आम्ही असाच करतो. जागच्या जागी, हलके हलके पाय टाकत. स्टुडिओत जायला जागा कुठे असते? बारा वर्षांत मी कितीदा गेलो, पण त्या फरशीवरून हललो कधीच नाही. आज दाराशी आलो, हिंमत होईना, म्हटलं परत जावं. पाय आपोआप तसेच पडले. सगळं जाऊन झालं नि बघतो तर मी इथंच."

आई आतून पदराने हात पुसत आली. थोरली एका पोराला घेऊन आली. शेजारच्या काकूंचं दार फटीएवढं उघडलं.

"हा काय प्रकार आहे?" मामा म्हणाले. "मी तिकडे होकार घेऊन निघालोय!"

"मामा," धाकटी त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली, "चपला काढा."

"अगं पण—"

"काढा चपला. आणि तुम्ही," ती त्याला म्हणाली, "तुम्ही बोला. हात खिशात घाला आणि बोला."

त्याने दोन्ही हात खरंच खिशात घातले. कपाळावरून घाम नाकावर आला. तो पुसायलाही हात काढला नाही.

"मला नीट सांगता येत नाही," तो म्हणाला. आवाज बसका, जरा फाटका. कुठल्याही नाटकात घेतला नसता असा. "सगळ्या माणसांनी नटांना ऐकलं. तुम्ही मला ऐकलंत. मी कारखान्यात रोज जे आवाज काढले ते तुमच्यासाठी काढले, त्या दोघींना फुकटात मिळाले. तुम्ही दुसऱ्या कुणाला हो म्हणालात तर... मी काही करणार नाही. पुन्हा मशीनवर जाईन. पण मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. फार करायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मला तेच करायचं असेल."

थोरलीच्या कडेवरच्या पोराने उचकी दिली.

"पुन्हा सांगा," धाकटी म्हणाली. "आईला नीट ऐकू आलं नसेल."

"मला आलं हो," आई म्हणाली. "काकूंनाही आलं. आत या आधी, दारात किती वेळ घामाघूम उभे राहाल? तू सरक रे बाजूला."

"आणि मी तिकडे काय सांगू?" मामा एक चप्पल हातात घेऊन म्हणाले.

"खरं ते सांगा. माणूस चांगला आहे, समजून घेईल," धाकटी म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "पाणी हवं?"

"हवं."

"मग मागायचं. माझ्या घरात न बोलता काही मिळत नाही."

"पाणी द्या," तो म्हणाला. आणि तिने आणेपर्यंत, ती आतच आहे ना हे बघायला मान लांब करत राहिला.

त्या कापडवाल्या भल्या माणसाने खरंच समजून घेतलं. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं. ते मामांनीच जुळवलं.

या दोघांचंही लग्न त्याच साली उन्हाळ्यात झालं. लवंग म्हणाली, "मौनीबाबा बाटला." आणि बाटलाच तो! एकदा बोलायला लागला तो असा की धाकटी कधीकधी कानावर हात ठेवायची. कागदाची जात, शेजाऱ्याची मांजर, उद्या ऊन पडेल की ढग येतील, सगळं तिला आधी सांगायचं. भांडायचासुद्धा तोंडाने, आणि भांडण मिटवायचाही तोंडाने. दोन मुली झाल्या. पुढे स्वतःचं पुस्तकं बांधायचं दुकान झालं. तो कापायचा, ती शिवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, इथे काम होतं की गप्पा?

धाकट्या लेकीला सरकारी नोकरी लागली, त्याच्या पुढच्या वर्षी थंडीत तो गेला. वय बहात्तर. दुपारचं जेवण झालं, खुर्चीत टेकला, तिला काहीतरी सांगत होता, आणि मध्येच गेला. मामा त्याच्या बऱ्याच आधी गेले होते. धाकटी त्याच्यानंतर सहा वर्षांनी, श्रावण संपता संपता, सकाळी दवाखान्यात वारली. दोन्ही मुली जवळ होत्या.